ओळखीची खूण

दिवाळीच्या आधी माळा काढण्याचे काम मला मनापासून आवडत नाही. धुळीची माझी तक्रार नाही. वस्तीतल्या शाळेत बालवर्गाच्या मुलांना शिकवणाऱ्या बाईने धुळीला नाक मुरडून कसे चालेल? जीव नकोसा होतो तो प्रत्येक वस्तूपाशी थांबून, ही ठेवायची की टाकायची, याचा निवाडा करताना. फुटक्या समईपासून मुलीच्या पहिल्या बुटापर्यंत एकेक वस्तू समोर येऊन उभी राहते आणि आपण न्यायाधीश होऊन बसतो. बहुतेक खटल्यांत आरोपी निर्दोष ठरतो आणि पुन्हा माळ्यावर जातो. म्हणून तर आपले माळे कधी रिकामे होत नाहीत!

यंदा माळ्यावरून बुटाचे एक खोके निघाले. सुतळीने बांधलेले, कोपऱ्यात दबलेले. सोडून पाहिले तर आत कॅसेटी होत्या. काहींच्या डब्या फुटलेल्या, काहींच्या फिती बाहेर लोंबणाऱ्या. फीत अशी बाहेर आली की दातेरी चाकात पेन्सिल घालून ती गुंडाळायची, हे माझ्या पिढीच्या माणसाला निराळे सांगायला नको. माझी मुलगी अकरावीत आहे. तिने एक कॅसेट उचलली, वरचे चित्र पाहिले, आणि हसू दाबत विचारले, "आई, तू हे ऐकायचीस?"

मीही हसले. म्हणाले, "तेव्हा दुसरं काही मिळत नसे गं." आणि ते खोके मी भंगारच्या ढिगात ठेवले. निवाडा एका मिनिटात झाला. इतक्या तत्परतेने मी त्या दिवशी दुसऱ्या कोणत्याही वस्तूचा निकाल लावला नव्हता, हे मात्र पुढे लक्षात आले.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पहाटे झेंडू आणायला मार्केट यार्डात गेले. माझे घर तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर. पाश्चात्य कवींचा शरद म्हणजे पानगळ, ओली वाट आणि एकटेपणा. आपला शरद तसा नव्हेच. आपल्याकडे या दिवसांत झाडे बोडकी होत नाहीत. उलट मालाने गाड्या लादलेल्या असतात. फुलबाजारात झेंडूचे पिवळे-नारिंगी ढीग लागलेले होते, शेवंतीच्या पाट्या होत्या, पायाखाली पाकळ्यांचा चिखल झाला होता. पाऊस परतलेला, दिवसाचा उकाडा अजून ओसरलेला नाही, पण पहाटेच्या वाऱ्याला एक बारीकशी शिरशिरी आलेली. पलीकडे गूळ-भुसारच्या गाळ्यांकडून पोत्यांचा आणि गुळाचा मिसळलेला वास येत होता. लहानपणापासून माझ्या नाकात बसलेला वास!

झेंडूचा भाव करीत मी उभी होते. इतक्यात शेजारी एक टेंपो येऊन थांबला. चालकाने फाळका पाडला, आणि आतले गाणे मोठ्याने बाहेर आले. कुमार सानूचा आवाज. आणि मूळ चालीवर वरून चढवलेला तो खळखळणारा ताल, ज्याला कॅसेटवाले 'झंकार' म्हणत. माझ्या पिशवीचा बंद हातातून निसटला. डोळे भरून आले. फुलवाला म्हणाला, "ताई, किती देऊ?" आणि मला उत्तर देता येईना.

घरी परतताना मला स्वतःचा राग आला. त्या गाण्यात असे होते तरी काय? मी कादंबऱ्या लिहिते, शब्दांची थोडीफार पारख मला आहे; त्या गाण्याचे शब्द सामान्य आहेत, हे मी आजही शपथेवर सांगेन. चाल चांगली आहे, पण त्या झंकाराने तिचा जीव गुदमरतो. मग डोळ्यांत पाणी का यावे? आणि आलेच, तर ते पाणी प्रामाणिक मानावे का? दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवण्याजोगा हा प्रश्न आहे की नाही, कोण जाणे. पण मला तो त्या दिवसापासून सोडीत नाही.

पहिले उत्तर सोपे आहे, आणि ते मी स्वतःला लगेच देऊन टाकले. अभिरुची हीदेखील कपड्यांसारखी बदलते, असे ते उत्तर. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. सिनेमाचे संगीत त्यांना हलके वाटे. त्यांच्या कारकीर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. श्रोत्यांनी काय केले? रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला. शेवटी १९५७ च्या ऑक्टोबरात सरकारलाच 'विविध भारती' सुरू करावी लागली. ज्या गाण्यांना तेव्हा दार बंद झाले, त्यांनाच आज आपण सुवर्णकाळाची गाणी म्हणतो आणि ती ऐकताना डोळे मिटून घेतो. मग कुमार सानूनेच काय घोडे मारले आहे? १९९१ पासून १९९५ पर्यंत सलग पाच वर्षे फिल्मफेअरचे पारितोषिक त्याला मिळाले होते. आज नाही, तर आणखी वीस वर्षांनी त्याचाही सुवर्णकाळ ठरेल!

उत्तर बिनतोड आहे, पण माझ्या प्रश्नाचे नाही. गाणे चांगले की वाईट, हा वाद मी जिंकला काय आणि हरले काय, झेंडूच्या ढिगापाशी मला जे झाले त्याचा उलगडा त्याने होत नाही.

दुसरे उत्तर दूर युरोपात सापडते. १६८८ साली बाझेलच्या विद्यापीठात योहानेस होफर नावाच्या तरुण वैद्याने एक प्रबंध लिहिला. परमुलखात राहणारे स्विस लोक घराच्या ओढीने झुरतात, अन्न सोडतात, कधी कधी त्यातच मरतात. या रोगाला त्याने 'नॉस्टाल्जिया' असे नाव बनवून दिले. घरी परतणे आणि वेदना, या अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्याने जोडले. आज आपण हा शब्द अत्तरासारखा वापरतो. जन्मतः ते एका दुखण्याचे नाव होते. पुढे रूसोने आपल्या संगीतकोशात एक गोष्ट नोंदली. स्विस गुराखी डोंगरात गायींना हाकारताना एक गाणे म्हणत. परक्या राजांच्या पदरी असलेल्या स्विस सैनिकांत ते गाणे वाजवण्याला सक्त मनाई होती, कारण ते कानावर पडले की शिपाई रडू लागत, पळून जात. रूसो पुढे म्हणतो ते महत्त्वाचे आहे. त्या सुरावटीत तशी काहीच जादू नाही, परक्या माणसावर तिचा काडीइतका परिणाम होत नाही. ती संगीत म्हणून काम करीत नाही, आठवणीची खूण म्हणून करते.

खूण! हा शब्द मला पटला. खूण सुंदर असावी लागत नाही. पुस्तकात घातलेला बसच्या तिकिटाचा कपटाही खूणच असतो. पण पुस्तक उघडून त्या पानावर काय लिहिले आहे ते न वाचता कपट्याकडेच पाहत बसणारा माणूस शहाणा म्हणायचा का? मला त्या पानाकडे जायलाच हवे होते. तेच मी टाळीत होते.

माझे वडील मार्केट यार्डात हमाल होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू. १९७२ च्या दुष्काळात ते मंगळवेढ्याकडचे गाव सोडून पुण्याला आले. भुसारबाजार तेव्हा शहरातल्या पेठांत होता. तो गुलटेकडीला हलला तसे आप्पाही तिकडे आले, आणि यार्डाच्या भिंतीलगतच्या वस्तीत आमचे बिऱ्हाड झाले. पोते शंभर किलोचे असे. लोखंडी हूक लावून ते पाठीवर घ्यायचे, फळीवरून चढायचे, थप्पीला लावायचे आणि पुन्हा खाली यायचे. १९६९ साली माथाडी कायदा झाला, बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने हमालांना संघटित केले. म्हणून तर आप्पांसारख्यांना भविष्यनिर्वाह निधी आणि बोनस हे शब्द ठाऊक झाले. ओझे पन्नास किलोवर आणावे म्हणून पंचायतीला पुढे झगडावे लागले. तोवर आप्पांची पाठ जी वाकायची ती वाकून गेली होती.

अशाच एका दिवाळीच्या बोनसमधून आमच्या घरी टेपरेकॉर्डर आला. मी तेव्हा शाळेत होते. गुलशनकुमारसारख्यांनी कॅसेट इतकी स्वस्त केली होती की किराणाच्या दुकानात, पानाच्या ठेल्यावरही ती मिळे. रविवारी संध्याकाळी आप्पा अंघोळ करून भिंतीला टेकून बसत. आधी त्यांची पाळी. प्रल्हाद शिंद्यांची विठ्ठलाची गाणी लागत. शिंदे मंगळवेढ्याचे, त्यामुळे आप्पा त्यांच्याविषयी सख्ख्या चुलतभावासारखे बोलत. "आमच्याकडचा गळा हाय ह्यो," असे म्हणून आमच्याकडे पाहत. एक बाजू संपली की माझी पाळी. मग कुमार सानू आणि तो झंकार. आप्पांना हिंदी धड येत नसे. पण चार-सहा रविवारांनंतर तेही माझ्या गाण्यांवर, शब्दांची मोडतोड करीत, गुणगुणू लागत. मी हसून लोटपोट होई. मंगळवेढ्याच्या मातीत पिकलेल्या त्या जिभेवर प्रेमगीतातली उर्दू अशी काही वळत असे की विचारू नका!

किती छान दिवस होते, असे म्हणण्याचा मोह येथे होतो. लिहिणाऱ्याला तर फारच. पण दिवस छान नव्हते. छत गळत असे, नळावर भांडणे होत, आणि आप्पा भिंतीला टेकून बसत ते संगीताच्या गोडीने जितके, तितकेच पाठ सरळ होत नसे म्हणून. ते असते आणि मी त्यांना 'ते दिवस पुन्हा यावेत' असे म्हटले असते, तर ते म्हणाले असते, "यड लागलं का तुला? पोतं कोण उचलील?" जुन्या गाण्याची हुरहूर येथे पहिला अन्याय करते. ती ज्यांच्या पाठीवर ओझे होते त्यांची पाठ पुसून टाकते आणि रविवारची संध्याकाळ तेवढी शिल्लक ठेवते.

दुसरा अन्याय याहून मोठा आहे, आणि तो सांगण्यासाठी मला कालिदासाचा आधार घ्यावा लागतो. मॅट्रिकपुढे माझे शिक्षण गेले नाही. 'शाकुंतल' मी मराठी भाषांतरातूनच वाचले. पाचव्या अंकाच्या आरंभी दुष्यंताच्या कानावर अंतःपुरातून गाणे येते. हंसपदिका गात असते. राजाने एकदा प्रेम करून नंतर जिला विसरून टाकले, अशी ती राणी. राजा तिच्या तक्रारीला हसून बाजूला सारतो. पण गाणे संपल्यावर अस्वस्थ होतो. कोणाचा विरह नसताना हे मन का उदास व्हावे, असे त्याला वाटते. आणि सुंदर काही पाहिले-ऐकले की मागल्या जन्मीची कोणती तरी माया जागी होत असावी, अशी तो स्वतःची समजूत घालतो. या जागेचे सौंदर्य पंडितांनी पुष्कळ वाखाणले आहे. मला मात्र ती वाचताना अंगावर काटा येतो. कारण ती माया मागल्या जन्मीची नाही, याच जन्मीची आहे. आणि जिची आहे ती गर्भवती स्त्री थोड्याच वेळात त्याच्या दारात येऊन उभी राहणार आहे, आणि हाच हळवा राजा भरसभेत तिला सांगणार आहे, की मी तुला ओळखत नाही.

आता माझी गोष्ट सांगते.

माझी पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली, त्या वर्षी एक संपादक सपत्नीक आमच्याकडे चहाला आले होते. लग्नानंतर आम्ही फ्लॅटमध्ये राहायला गेलो होतो. आई वारल्यावर आप्पा आमच्याकडेच असत. तोवर मी पुष्कळ शिकले होते. रमणबागेच्या पटांगणावर सवाई गंधर्व महोत्सवात बैठक मारून रात्र जागवायला शिकले होते. (२०१८ पासून तो महोत्सव मुकुंदनगरला, म्हणजे आमच्या यार्डाच्या शेजारीच भरतो, दैवाची गंमत!) त्या गाण्यात मी खरोखर रमले होते, ते ढोंग नव्हते. पण नवी ओळख झाली की जुनी लपवावी लागते, असे काही तरी माझ्या डोक्यात शिरले होते.

चहा चालू असताना आतल्या खोलीतून टेप सुरू झाला. झंकार भिंतीतून येऊन कपबशांवर आदळू लागला. संपादकांच्या पत्नींनी सहज विचारले, "गाणं कुठून येतंय हो?"

मी म्हणाले, "शेजारी लावलंय कुणीतरी."

आत खट्कन आवाज झाला. टेपचे बटण दाबल्याचा. गाणे थांबले. शेजाऱ्यांनी इतक्या तत्परतेने टेप बंद केल्याचे पाहुण्यांना आश्चर्य वाटले असेल तर त्यांनी ते दाखवले नाही.

पाहुणे गेल्यावर मी आत गेले. आप्पा खाटेवर बसले होते. ते एवढेच म्हणाले, "पाव्हण्यांनी च्या घेतला न्हवं?" खोके त्यांच्या पुढ्यात होते. टेपमध्ये कॅसेट होती ती त्यांच्या प्रल्हाद शिंद्यांची नव्हती, माझी होती. लेकीकडे मोठी माणसे आली आहेत, तर लेकीच्या आवडीचे लावावे, असे त्यांच्या मनात आले असणार. मी त्यांना विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही.

त्यानंतर आप्पा पाच वर्षे होते. या पाच वर्षांत दारावरची घंटा वाजली की ते आधी टेप बंद करीत आणि मग खोकत. त्यांना तसे कोणी सांगितले नव्हते. पुढे टेप बिघडला आणि त्यांनी तो दुरुस्तीला टाका असे म्हटले नाही. मीही टाकला नाही.

दुष्यंताला दुर्वासाच्या शापाची सबब होती. मला कोणत्याही ऋषीने शाप दिला नव्हता. मी ओळखत होते, आणि ओळखत नाही म्हणाले. झेंडूच्या ढिगापाशी माझे डोळे भरून आले तेव्हा, 'गेले ते दिवस' असे म्हणून मी एक सुस्कारा सोडला असता, पिशवी उचलली असती आणि एका गोड उदासीने घरी परतले असते, तर तेही दुष्यंतासारखेच झाले असते. मागल्या जन्मीची माया! हुरहूर गोड लागते, कारण तीत आपण कोणाचे काही लागत नाही. फक्त काळ गेला, त्याला कोण काय करणार? पण पुष्कळदा काळ नुसता गेलेला नसतो. आपण कोणाला तरी मागे टाकून आलेलो असतो, आणि गाणे त्याचे नाव घेत असते. तेव्हा डोळ्यांतले पाणी प्रामाणिक की खोटे, याची परीक्षा मला वाटते एकच आहे. ते नाव आपण उच्चारतो की नाही?

कोणी म्हणेल, बाई, सणासुदीला हे काय! मेलेल्या माणसाला आता त्याचे काय? खरे आहे. आप्पांना त्याचे काही नाही. ऋण फेडायला धनको तरी जिवंत हवा. आणि चारचौघांत आपली चूक सांगून हलके व्हावे, हाही एक सोयीस्कर मार्गच आहे, हे मला कळते. म्हणून या हिशेबात मी स्वतःला सूट देत नाही. पण धनको गेला म्हणजे ऋण नाहीसे होते, असेही मला वाटत नाही. ते जिवंत माणसांच्या नावावर चढते.

माझ्या बालवर्गात एक मुलगा आहे. त्याचे वडील यार्डातच कामाला जातात. दिवाळीच्या सुट्टीआधी एके दिवशी तो बाकावर ताल धरून मिरवणुकीतले, भिंती हादरवणारे एक गाणे म्हणत होता. मी त्याला म्हणाले, "शी! हे कसलं गाणं? चांगलं गाणं येत नाही का तुला?" तो गप्प झाला. एकदम गप्प झाला. खट्कन. तो आवाज मी पूर्वी कोठे ऐकला होता, हे मला त्या दिवशी आठवले नाही. त्या झेंडूच्या ढिगापाशी आठवले.

त्याचे गाणे मला आवडले पाहिजे असे नाही. त्याला दुसरी गाणी शिकवणे हे तर माझे कामच आहे. पण ते गाणे त्याने कोणाच्या खांद्यावर बसून ऐकले, हे विचारल्यावाचून मी त्याला शी म्हणाले. माणसाला चांगले काही द्यायचे असेल, तर त्याच्या हातात आधी असलेले हिसकावून ते देता येत नाही, एवढे तरी एका हमालाच्या मुलीला कळायला हवे होते. सुट्टी संपली की पहिल्या दिवशी त्याला ते गाणे पुरे म्हणायला लावायचे, असे मी ठरवले आहे. तो म्हणेल की नाही, सांगता येत नाही. मुले अशा गोष्टी लवकर विसरत नाहीत.

'शाकुंतला'त हरवलेली अंगठी सापडते ती माशाच्या पोटात, एका गरीब धीवराला. शिपाई आधी त्याला चोर म्हणून बांधतात. मग अंगठी राजाकडे जाते आणि राजाला सारे आठवते. ही खूण महालातल्या कोणाला न सापडता बाजारात मासे विकणाऱ्याच्या हातून परत यावी, यात कालिदासाने काही सुचवले असेल का? मला ठाऊक नाही. मला माझी अंगठी एका टेंपोवाल्याने दिली. त्याला त्याचा पत्ताही नाही. तो फाळका लावून, गाणे तसेच वाजवीत निघून गेला.

घरी आले तेव्हा भंगारवाला अजून आला नव्हता. मी ढिगातून खोके काढले, पुसले, आणि देवघराशेजारच्या फळीवर ठेवले. मुलगी तोरणासाठी दोरा ओवीत होती. तिने पाहिले.

"ठेवणार आहेस?"

"हो."

"तुझ्याकडे तर वाजवायला काही नाही."

"दुरुस्त करून घेते. माळ्यावर आप्पांचा टेप आहे."

ती थोडा वेळ थांबली. मग तिने विचारले, "आई, या कॅसेटी नक्की कुणाच्या? तुझ्या की आजोबांच्या?"

मी तिच्याजवळ बसले, झेंडूची टोपली पुढे ओढली, आणि तिला पाहुण्यांच्या त्या संध्याकाळपासून सारे सांगायला सुरुवात केली. तोरण त्या दिवशी जरा उशिरा लागले.